ऊन पडलं नाही, तर शेरूने झोपायचं कुठे?

पत्र

नमस्कार काकू,

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजाराजवळ एका जुन्या वाड्याच्या खालच्या मजल्यावर राहतो. घरात मी, हे, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. शिवाय शेरू (गल्लीतूनच आलेला, आता अकरा वर्षांचा), मन्या बोका आणि मुलाच्या हट्टापायी आणलेली लव्हबर्डची जोडी. शेरूची जागा चौकात, पिंजरा ओसरीत. ओसरीला आम्ही दोन वर्षांपूर्वी काचा लावून घेतल्या.

थंडी काय, दरवर्षीच असते. पण या वेळी चार दिवस कोहरा हटलाच नाही, पेपरात रोज 'कोल्ड डे' म्हणून येतंय. शेरू रात्रभर कुडकुडत कण्हत होता. आज सकाळी जागचा उठलाच नाही, पोळी पुढे ठेवली तर नुसती मान वर केली. त्याला माजघरात घेऊ म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "देवघराला लागून कुत्रं नको. जनावराला केस असतात, त्याला काही होत नाही." तशा त्या कठोर नाहीत. काल रात्री पक्ष्यांना ऊब हवी म्हणून त्यांनीच ओसरीत कोळशाची शेगडी पेटवली आणि तिथेच पलंगावर झोपल्या. सकाळी त्यांचं डोकं जड होतं. यांनी हॅलोजन हीटर आणला, तो लावला की फ्यूज उडतो. मुलाने ट्रंकेतली शाल शेरूखाली घातली, आपला स्वेटर त्याच्या अंगात चढवला, तो त्याने फाडला. शेजारचे काका म्हणतात चमचाभर ब्रँडी पाजा. मन्या रजईतून बाहेर यायला तयार नाही. आणि मुलगा रडतोय की दाराबाहेरच्या कुत्रीचं काय होणार.

असला दिवस घरात नीट काढायचा कसा? तोही सासूबाईंशी न भांडता?

— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर

तुमचं पत्र वाचताना मला शेरूपेक्षा जास्त भीती एका दुसऱ्याच वाक्याची वाटली. 'सकाळी त्यांचं डोकं जड होतं' हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. शेरूकडे येतेच, पण आधी ती शेगडी.

पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे समजूत अशी की शेगडी अंगणात पेटवावी, धूर जाऊ द्यावा, निखारे लाल झाले की आत आणायला हरकत नाही. धूर जातो हे खरं, पण लालबुंद, बिनधुराच्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच राहतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट त्याला धरून बसतं. माणूस श्वास घेत असतो, पण ऑक्सिजन शरीराला पोचत नसतो. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, गुंगी ही सुरुवातीची लक्षणं, आणि झोपलेल्याला ती जाणवत नाहीत. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीने माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्या याच. आईंचं डोकं अजून दुखत असेल, उलटी होत असेल किंवा त्या गोंधळल्यासारखं बोलत असतील, तर हा कागद बाजूला ठेवा आणि त्यांना दवाखान्यात न्या. तिथे 'थंडी बाधली' असं सांगू नका, रात्रभर शेगडी होती हे सांगा.

आता पक्ष्यांचं. आपल्या बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट. पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं नसतं. हवेच्या पिशव्यांमुळे त्यांच्या फुप्फुसातून ताजी हवा जवळजवळ अखंड वाहते. उडायला ते बरं, पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच भरभर आत जातं. म्हणून तर ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींमध्ये कॅनरी पक्षी सोबत नेत असत, आणि ती पद्धत थेट १९८६ सालापर्यंत चालू होती. पक्षी दांडीवरून पडला की माणसांनी बाहेर धावायचं. ज्या जोडीला ऊब मिळावी म्हणून आईंनी शेगडी पेटवली, ओसरीत सगळ्यात आधी तीच जोडी गेली असती. काल वाचली, ती बहुधा एखाद्या काचेच्या फटीच्या कृपेने.

हे त्यांना कसं सांगायचं? 'तुमचं चुकलं' असं म्हणू नका, कारण त्यांचं तितकंसं चुकलेलं नाही. त्यांच्या लहानपणी ओसरी उघडी होती, दारांना बोटभर फटी होत्या, वर झरोके होते. त्या घरात शेगडी धकून जात होती. काचा तुम्ही लावल्यात. तेव्हा 'आई, घर आता पूर्वीचं राहिलं नाही, काचा आम्हीच लावल्या, म्हणून शेगडी आत नको' असं म्हणून बघा. दुपारी चौकात, उघड्या आभाळाखाली शेगडीभोवती बसा की सगळे, ती मजा मोडू नका. रात्री गुडघ्यांना रबरी पिशवीत गरम पाणी. या एका मुद्द्यावर मात्र तुम्ही मऊ पडायचं नाही. बाकी सगळ्यावर पडा. (न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तिथेही हाच वायू तयार होऊ शकतो. झरोका थंडीसाठी बुजवला असेल तर आजच उघडा.)

पिंजरा ओसरीतून आत घ्या. आतल्या भिंतीला, दाराच्या झोतापासून दूर, आणि स्वयंपाकघरात अजिबात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो, हे फार लोकांना ठाऊक नसतं. माजघरात पक्षी ठेवायला आईंची ना नसावी, पण मग धूप-उदबत्ती पिंजऱ्यापासून लांब. पिंजऱ्याच्या तीन बाजू जाड चादरीने झाका, एक बाजू हवेला मोकळी सोडा. पिसं फुलवून दांडीवर बसलेत तोवर ठीक, ती त्यांची रजई आहे. फुलून पिंजऱ्याच्या तळाशी बसले असतील, श्वासाबरोबर शेपूट खालीवर होत असेल, तर डॉक्टरकडे. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, त्यामुळे दिसला म्हणजे उशीर झालेला असतो.

आता शेरू.

अकरा वर्षं म्हणजे कुत्र्याचं म्हातारपण. न उठण्याची कारणं दोन असू शकतात. एक, सांधे आखडलेत, थंडीत म्हाताऱ्या कुत्र्याला उठणं नकोसं होतं. दोन, अंगाची ऊबच खाली गेली आहे. पहिल्यात दिवस-दोन दिवसांची सवड आहे, दुसऱ्यात नाही, म्हणून आधी ते बघा. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला खोबरेल लावा, यजमानांना शेरूचं डोकं कुरवाळत बसवा आणि गुदद्वारातून तापमान मोजा. अवघड वाटतं, पण काखेत मोजलेला आकडा कमी भरतो, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. कुत्र्याचं निरोगी तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तेव्हा १०१ बघून ताप आला म्हणून घाबरू नका. आकडा ९९च्या खाली असेल तर मात्र लगेच पशुवैद्याला फोन.

थर्मामीटर नसेल तर हिरड्या बघा. गुलाबीऐवजी फिक्या आहेत का? कान, पंजे गार लागतात का? हाक मारली तर डोळ्यांत ओळख दिसते का? आणि एक नीट लक्षात ठेवा. रात्रभर कुडकुडणारा कुत्रा सकाळी कुडकुडायचा थांबला आणि अंगाने मात्र गारच राहिला, तर त्याला बरं वाटतंय असं धरू नका. कुडकुडून शरीर ऊब तयार करत असतं. ती ताकदही संपली की ते थांबतं.

असा थंड पडलेला कुत्रा हळूहळू गरम करायचा असतो. अंग ओलसर असेल तर टॉवेलने टिपून कोरडं करा, छाती-पोट गुंडाळा, बाटलीत कोमट पाणी भरून ती जाड कापडात गुंडाळून कुशीजवळ ठेवा. पाय खसाखसा चोळू नका, गरम पाण्याने आंघोळ तर नाहीच नाही, आणि हीटरसमोर नेऊन ठेवू नका. ज्याला उठता येत नाही त्याला चटका बसला तरी सरकता येत नाही. शुद्धीवर असेल तर कोमट पाणी पुढे ठेवा, तोंडात ओतू नका. गाडीत घालून नेणं जमत नसेल तर १९६२ क्रमांकावर फोन करा, ती सरकारची फिरत्या पशुवैद्यकीय गाडीची सेवा आहे.

अंग गरम आहे, शेपूट हलवतोय, पण उठताना कण्हतोय, असं असेल तर सांधेच. तरी डॉक्टरला दाखवा, कारण म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांध्यांसाठी औषधं असतात, ती फक्त त्यांनी लिहून दिलेली. घरातल्या डब्यातली गोळी नको. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात जखमा करतं आणि मूत्रपिंड बिघडवतं. आणि पॅरासिटामॉल? मांजराच्या यकृताला ते पचवताच येत नाही, एक गोळी बोक्याचा जीव घेऊ शकते. पुढेमागे मन्या शिंकायला लागला तर कुणीतरी 'पाव गोळी द्या' म्हणेलच, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

बघण्यातून काही भयंकर निघालं नाही असं धरून पुढे लिहिते.

पेपरातला 'कोल्ड डे' आणि कडाक्याची रात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवामान खात्याच्या हिशेबाने सपाटीवर किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली असेल, आणि दुपारचं कमाल तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त घसरलं, तर तो शीत दिवस. म्हणजे त्रास रात्रीचा नसून दुपारचा आहे. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे दुपार एरवी २१-२२ अंशांपर्यंत चढते. रात्री गारठलेला वाडा दुपारच्या उन्हात थोडा तापतो, आपण रजया गच्चीवर टाकतो, शेरू चौकात उन्हाचा तुकडा शोधून त्यावर पसरतो, आणि तेवढ्या शिदोरीवर पुढची रात्र निघते. धुक्याने ऊनच अडवलं की ही शिदोरी मिळत नाही. आपली घरं तर दगडाची, खाली फरशी, वर पटियांचं, म्हणजे दगडी लाद्यांचं छत. मे महिन्यात आपण या दगडाला दुवा देतो. आता चार दिवस त्याला ऊन मिळालेलं नाही आणि शेरू त्याच्यावर अंग टाकून झोपलाय. गार हवा अंगातली जेवढी ऊब नेते, त्यापेक्षा गार फरशी किती तरी जास्त ओढून घेते. वरून दोन स्वेटर चढवा, खाली फरशी असेल तर शेरू कुडकुडणारच.

म्हणून माझं सांगणं एवढंच की घर तापवायच्या मागे लागू नका. या वाड्यात ते होणारही नाही. प्राण्याची निजायची जागा तेवढी तापवा. जागा लहान हवी, कोरडी हवी, फरशीपासून उचललेली हवी आणि वाऱ्याच्या आड हवी. अशा जागेला शेगडी-हीटर काही लागत नाही. शेरूच्या अंगाचीच ऊब तिथे साठून राहते.

तुम्ही खालच्या मजल्यावर राहता, म्हणजे वर जाणारा जिना असणार, आणि जिन्याखाली तुटक्या खुर्च्या, रद्दी आणि गणपतीची मखरं असणार. ती जागा रिकामी करा. दोन बाजूंना भिंत, वर उतरतं छत, शेरूला याहून चांगली खोली बांधूनही मिळणार नाही. खाली चार विटा, त्यावर फळी किंवा जुना मोठा पाट. चार बोटं उंची पुरे, जास्त केलीत तर त्याला चढता येणार नाही. फळीवर पुठ्ठ्याचे दोन-तीन थर, त्यावर गोणपाट, वर गोधडी. पुढून गोणपाटाचाच पडदा, मधोमध चिरलेला, म्हणजे त्याला नाकाने सारून आतबाहेर करता येईल. जागा त्याला गोल फिरून बसता येईल एवढीच ठेवा, ऐसपैस झाली की ऊब राहत नाही. म्हातारे कुत्रे झोपेत थोडी लघवी करतात, आणि ओल्या गोधडीपेक्षा गोधडी नसलेली बरी, तेव्हा रोज सकाळी हात लावून बघायची आणि बदलायची. झोपताना गरम पाण्याची पिशवी जुन्या पायमोज्यात घालून एका कडेला ठेवा. मधोमध नको, नकोशी झाली तर त्याला सरकता आलं पाहिजे.

आणि आता बघा, भांडण उरलंच कुठे? देवघराला लागून कुत्रं नको हा आईंचा नेम आहे. शेरू जिन्याखाली निजला तर तो मोडत नाही. मला तर वाटतं त्यांचा नेम पाळला गेला म्हणजे त्याच सगळ्यात आधी पडदा सारून आत डोकावतील. 'जनावराला केस असतात' याचं उत्तर हवंच असेल तर ग्वाल्हेरच्याच माणसाला पटेल असं आहे. आपला मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झाला तो गुरांचा मेळा म्हणून, आणि भरतो ऐन थंडीत. गुरं बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, या दिवसांत बैलाच्या, म्हशीच्या पाठीवर गोणपाटाची झूल घालतात की नाही. म्हशीला झूल लागते तर आखूड केसांच्या, हाडं दिसायला लागलेल्या शेरूला का नाही? पण हे युक्तिवाद गरज पडली तरच. त्यापेक्षा गोधडी कुठली द्यायची हे त्यांना विचारा. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या कुठल्या गाठोड्यात आहेत हे घरात त्यांनाच माहीत असणार, आणि ज्या कुत्र्याला आपली गोधडी दिली त्याला माणूस सहसा चौकात हाकलत नाही.

फक्त ती गोधडी नेहमीच्या वापरातली हवी. मुलाने ट्रंकेतून काढलेली शाल आजच काढून घ्या. त्या शालीत डांबरगोळ्या होत्या ना? नॅफ्थलीन कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. एखादी गोळी घडीत राहिली आणि शेरूने चावली तर रक्त आणि यकृत दोन्हींवर बेतेल. नुसत्या वासातही त्याला नाक खुपसून झोपवू नये. एरवी आपण ट्रंकेतले कपडे दोन दिवस उन्हात टाकतो, पण यंदा ऊनच नाही. घरंगळलेली एखादी गोळी ट्रंकेखाली, पलंगाखाली आहे का तेही बघा.

स्वेटर फाडला तर फाडू दे. सवय नसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला कपड्यात कोंबणं हाच एक त्रास असतो. बाहेर नेताना पाठीवर जुनं ब्लँकेट टाकून पोटाखाली सैल गाठ मारलीत तरी काम भागतं. बाहेर नेणं दुपारी बारा ते तीनच्या मध्ये, थोड्या थोड्या वेळासाठी दोन-तीनदा. पहाटेच्या कोहऱ्यात सगळ्या गल्लीतल्या शेकोट्यांचा धूर खाली बसलेला असतो, तो त्याच्या छातीला नको आणि तुमच्याही. आंघोळ ऊन पडेपर्यंत बंद.

हीटरबद्दल तुमच्या यजमानांना दोन शब्द. २००० वॉटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. जुन्या वाड्यातल्या साध्या पिनांची सॉकेटं पाच-सहा अँपिअरची असतात. फ्यूज उडतोय ही त्याची इमानदारी समजा, आणि कुणी 'जाड तार घालतो' म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जाड तार घातली की फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर जळायला लागते. शिवाय हॅलोजन समोर जे असेल त्यालाच भाजतो, खोली तापवत नाही. मन्यासारखा प्राणी त्याला चिकटून बसतो आणि केस करपल्याचा वास आल्यावरच आपल्याला कळतं. हीटर हवाच असेल तर तेलाचा घ्या, जाड सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, आणि तो आईंच्या खोलीत ठेवा. या घरात गरज त्यांना आहे.

मन्या रजईत पडून आहे याची काळजी करू नका, घरात सध्या त्याच्याइतका शहाणा कोणी दिसत नाही. रजईवर बसण्याआधी हाताने चाचपा, एवढंच. पण तो लघवीला कुठे जातो? एरवी बाहेर जाणारा बोका थंडीत जात नाही, रोखून धरतो, त्यात गार पाणी कमी पितो, लघवी दाट होते. बोक्यांची मूत्रनळी मादीपेक्षा अरुंद असते आणि ती खड्यांनी किंवा चिकट बोळ्याने तुंबू शकते. मन्या पुन्हा पुन्हा जोर करून बसतोय, ओरडतोय, आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर ते बद्धकोष्ठ म्हणून एरंडेल पाजत बसू नका. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, त्याच तासाला डॉक्टर गाठा. तसं होऊ नये म्हणून एका परातीत वाळू घालून ती घरातच एका कोपऱ्यात ठेवा, दोन-तीन ठिकाणी कोमट पाण्याच्या वाट्या ठेवा, खाण्यात पाणी घालून पातळ करा, कांदा-लसूण नको. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. आणखी एक, आईंच्या गुडघ्यांना लावायच्या बामात कापूर असतो. बाम लावलेला हात मन्याच्या पाठीवरून फिरला की तो चाटून पोटात घेणार. हात धुऊन मगच लाड.

सकाळी स्कूटर किंवा गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारत चला. इंजिन बंद झाल्यावर बराच वेळ गरम राहतं आणि गल्लीतली मांजरं तिथे जाऊन झोपतात. मन्याही रोज रजईतच असेल असं नाही.

शेजारच्या काकांच्या ब्रँडीला हात जोडून नाही म्हणा. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर गरम वाटतं आणि आतली ऊब भराभर बाहेर पडते. थंडी वाजणाऱ्या कुत्र्याला याहून वाईट काही देता येणार नाही, त्यात कुत्र्याला दारू पचत नाही ती वेगळीच. तूप-गूळही नको, अचानक जास्त तूप पोटात गेलं की स्वादुपिंड सुजतं. नेहमीचंच जेवण कोमट करून द्या, दोनाऐवजी तीन वेळांत वाटून. संक्रांत तोंडावर आहे, घरात लाडू होतील. तिळाच्या लाडवाचा तुकडा पडला तर आभाळ कोसळत नाही, पण मनुका-बेदाणे घातलेलं काहीही शेरूच्या तोंडी लागू देऊ नका, त्याने कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मुलाला हे नीट समजावून सांगा, कारण टेबलाखालून घास तोच देत असणार.

राहिली दाराबाहेरची कुत्री. तिला आत घ्यायचं नाही हे मी मुलाला सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका, त्याला कामाला लावा. किराणावाल्याकडून मोठं खोकं मागून आणायचं, आडवं ठेवायचं, वरून प्लास्टिक बांधायचं, तोंड भिंतीकडे, वाऱ्याला पाठ. खाली दोन विटा. आत जुन्या चादरी कोंबू नका, दवाने कापड ओलं होतं आणि रात्रभर गारच राहतं. त्यापेक्षा भाताचं पराळ, म्हणजे पेंढा बरा. ते ओल धरत नाही आणि कुत्री त्यात स्वतःच खळगा करून बसते. गाई-म्हशीवाल्यांकडे, दूधवाल्याकडे विचारलं तर पोतंभर सहज मिळेल. ओलं, कुबट झालं की बदलायचं, ती जबाबदारी त्याची. शेजारी कुरकुरले तर खोकं तुमच्या दाराच्या पायरीला लावून ठेवा, तिथे कुणी बोलू शकत नाही.

आणि तिचं पोट मोठं दिसतंय का, हेही त्याला बघायला सांगा. पिल्लं व्हायची असतील तर खोक्याने भागणार नाही, कारण नव्या पिल्लांना पहिले दोनेक आठवडे नीट कुडकुडताही येत नाही, ऊब बाहेरूनच मिळावी लागते. तसं असेल तर आईंना आधी विश्वासात घ्या, जिन्याखाली शेरूला शेजार चालेल का ते बघा, आणि मला लगेच पुन्हा लिहा.